'फुटबॉल क्लब मरत नाहीत' हे विधान पुण्याला लावून बघू या

सिनॉप्सिसमधलं 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण आपल्याकडे कसं लिहिलं जातं, ते तुम्ही पाहिलंच असेल. अमुक यांच्या मते असं, तमुक यांच्या मते तसं. अशी वीस-पंचवीस नावं झाली की प्रकरण भरलं. गाइडनी लाल पेनानं 'क्रिटिकल लिहा' असं लिहून परत दिलं, तर आपण शेवटी एक ओळ चिकटवतो: 'तथापि भारतीय संदर्भात या विषयावर पुरेसे संशोधन झालेले नाही.' या ओळीत टीका कुठेच नसते. मूळ लेखकाचं म्हणणं आपल्याकडे लागू पडतं की नाही, पडत नसेल तर नेमकं कोणत्या जागी अडतं, हे त्यातून काहीच कळत नाही.

पेट पास होऊन आता विषय शोधत असलेल्या बऱ्याच जणांनी विचारलं की मग क्रिटिकल म्हणजे करायचं तरी काय. म्हणून आज एका गाजलेल्या पुस्तकातलं एकच विधान घेते आणि त्याच्याशी भांडते. विषय फुटबॉलचा आहे. ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नसलं तरी चालेल, कारण आपल्याला मैदानापेक्षा हिशेबाच्या वहीत जास्त रस आहे.

पुस्तकाचं नाव 'सॉकरनॉमिक्स'. सायमन कूपर हे पत्रकार आणि स्टीफन शिमान्स्की हे क्रीडा-अर्थशास्त्राचे प्राध्यापक, असे दोन लेखक. पहिली आवृत्ती २००९ ची. इंग्लंडमध्ये ते 'व्हाय इंग्लंड लूज' या नावानं निघालं होतं. पुस्तक वाचायला झकास आहे, हे आधीच सांगून ठेवते. आकडेवारी घेऊन इतकं खेळकर लिहिता येतं हे आपल्या विभागातल्या प्रबंधांनी शिकण्यासारखं आहे.

त्यातलं विधान असं: फुटबॉल क्लब हा धंदा म्हणून अत्यंत वाईट, पण टिकाऊपणात मात्र भल्याभल्या कंपन्यांना भारी. पुरावा म्हणून ते १९२३ साल घेतात. त्या वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये ८८ क्लब होते. २००७-०८ च्या हंगामात त्यातले ८५ अजून जिवंत, आणि ७५ तर वरच्या चार विभागांतच खेळत होते. दुसऱ्या बाजूला १९१२ सालच्या जगातल्या सर्वांत मोठ्या १०० कंपन्या. १९९५ पर्यंत त्यातल्या जवळपास निम्म्या नाहीशा झालेल्या. महायुद्ध आलं, मंदी आली, क्लब कर्जात बुडाले, तरी गावचा क्लब आपला शनिवारी मैदानात उतरतोच.

कारणंही ते देतात आणि ती पटण्यासारखी आहेत. पैसा संपला की क्लब चांगले खेळाडू विकतो, स्वस्तातले घेतो, हरतो, खालच्या विभागात जातो. खाली गेलं की खर्चही खाली येतो. कारखान्याला ही सोय नाही. फ्रिज बनवणारी कंपनी 'यंदापासून आम्ही दुसऱ्या विभागातले फ्रिज बनवू' असं म्हणू शकत नाही. (आपल्या शहराला हे समजावून सांगायची गरज नाही. पैठण रोडवर चितेगावला व्हिडिओकॉनचं काय झालं, ते आपण बघितलंय.) शिवाय गावातला क्लब बुडवणारा म्हणून आपलं नाव व्हावं, असं कुठल्याच बँक मॅनेजरला वाटत नाही. त्यामुळे देणेकरीही थोडं नमतं घेतात.

आता हे विधान जसंच्या तसं उचलून आपल्या आढाव्यात टाकायचा मोह होतो. थांबा. आधी दोन प्रश्न. जिवंत म्हणजे काय? आणि हे ८८ कोण?

पहिला प्रश्न स्कॉटलंडच्या खालच्या लीगमध्ये नेऊन बघते, कारण तिथे तो फार सुंदर फसतो. २००२ साली एअरड्रिओनियन्स नावाचा जुना क्लब कर्जापायी अवसायनात निघाला. लीगमध्ये एक जागा रिकामी झाली. क्लबच्या माणसांनी एअरड्री युनायटेड नावाचा नवा क्लब काढून त्या जागेसाठी अर्ज केला, पण इतर क्लबांच्या मतदानात जागा मिळाली ग्रेटना नावाच्या खेड्यातल्या क्लबाला. मग एअरड्रीवाल्यांनी काय केलं? क्लाइडबँक नावाचा दुसरा एक क्लब आर्थिक अडचणीत होता, तो विकत घेतला, त्याचं नाव आणि गाव बदललं, आणि त्याच्या जागेवरून लीगमध्ये शिरले. २०१३ मध्ये त्यांनी एअरड्रिओनियन्स हे जुनं नावही परत घेतलं. क्लाइडबँकच्या चाहत्यांना मात्र अगदी तळाच्या पातळीवरून आपला क्लब नव्यानं उभा करावा लागला.

आणि ग्रेटना? सुमारे तीन हजार वस्तीचं सीमेवरचं गाव. ब्रुक्स माइल्सन या धनिकाच्या पैशावर क्लब लागोपाठ तीन वर्षं वरच्या विभागात चढत गेला. २००६ मध्ये स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हार्ट्सकडून पेनल्टीवर हरला. २००७ मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये. स्वतःचं मैदान त्या दर्जाचं नाही म्हणून घरचे सामने लांब मदरवेलला. मग माइल्सन आजारी पडले, पैसा थांबला. मार्च २००८ मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, दहा गुण कापले गेले, हंगाम १३ गुणांवर आणि शेवटच्या क्रमांकावर संपला. उन्हाळ्यात क्लबनं लीग सोडली. चाहत्यांनी ग्रेटना २००८ नावानं नवी सुरुवात केली. लीगमधली रिकामी जागा शेजारच्या अ‍ॅननला मिळाली.

आता एक्सेल उघडा आणि या सगळ्याची नोंद करा. एअरड्रिओनियन्स जिवंत की मेलेला? नाव आहे, गाव आहे, पण कंपनी वेगळी आणि लीगमधली जागा दुसऱ्याची. क्लाइडबँक जिवंत की मेलेला? जागा चालू राहिली, क्लब गेला, आणि मग चाहत्यांनी परत आणला. एअरड्रिओनियन्सच्या मूळ जागेवर सहा वर्षांत तीन क्लब बसून गेले. जागा मोजली तर कुणीच मेलं नाही. कंपनी मोजली तर तीन मेले. चाहते मोजले तर काही जखमी आहेत, मेलेलं कुणी नाही.

कूपर-शिमान्स्की यांना हे माहीत नाही असं अजिबात नाही. जुनी कंपनी बुडवून नव्या नावानं तोच क्लब चालवायचा, कर्ज मागे ठेवायचं, ही चलाखी त्यांनी स्वतः सांगितली आहे. पण ती सांगून झाल्यावर ते असा क्लब 'जिवंत' या रकान्यात टाकून पुढे जातात. त्यांच्या दृष्टीनं ते रास्त आहे, कारण त्यांना गावाशी असलेलं नातं मोजायचं आहे. तुमच्या दृष्टीनं ते रास्त असेलच असं नाही. ज्याचा पगार जुन्या कंपनीकडे अडकला, त्या खेळाडूवर तुम्ही प्रबंध लिहीत असाल, तर तुमच्या तक्त्यात तो क्लब मेलेलाच आहे. व्याख्या आधी ठरते आणि ९७ टक्के हा आकडा नंतर येतो. वाचताना आपण आकड्यावर थांबतो आणि व्याख्येवरून घसरून जातो.

आता पुण्याला येऊ.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल तुमच्यापैकी काहींनी शालेय स्पर्धांच्या निमित्तानं पाहिलं असेल. २०१५ ते २०१९ या चार-साडेचार वर्षांत पुण्यातले चार व्यावसायिक फुटबॉल क्लब संपले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी: २००७ मध्ये सुरू, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये उपविजेता, २०१५ मध्ये बंद. कल्याणी समूहाचा भारत एफसी: एकच हंगाम, २०१४-१५, बंद. डीएसके शिवाजियन्स: शिवाजियन्स हा पुण्यातला आधीपासूनचा क्लब, त्याला बिल्डरचं नाव लागलं, आय-लीगचे दोन हंगाम खेळला, डीएसके समूह गाळात गेला आणि २०१७ मध्ये क्लब आय-लीगमधून बाहेर. चौथा एफसी पुणे सिटी, इंडियन सुपर लीगमधला, वाधवान समूहाचा. हृतिक रोशन सहमालक आणि सुरुवातीला इटलीचा फिओरेंटिना भागीदार.

या चौथ्याचा शेवटचा हंगाम जरा निवांत बघण्यासारखा आहे. २१ सप्टेंबर २०१८ रोजी डीएचएफएल या वाधवान कुटुंबाच्या गृहकर्ज कंपनीचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला. आयएल अँड एफएसनं हप्ते थकवल्यावर बाजारात जी घबराट पसरली, त्यातला हा प्रकार. आठवड्याभरानं सुपर लीगचा हंगाम सुरू झाला. सुरुवातीलाच प्रशिक्षक मिगेल आंखेल पोर्तुगाल यांना काढलं, प्रद्युम रेड्डींनी मधले दिवस सांभाळले, डिसेंबरमध्ये इंग्लंडचे फिल ब्राउन आले. जानेवारी २०१९ मध्ये डीएचएफएलवर पैसे वळवल्याचे जाहीर आरोप झाले. मैदानावर मात्र संघ सावरत होता. १८ सामन्यांत २२ गुण, दहा संघांत सातवा. जूनमध्ये डीएचएफएलनं रोख्यांचे पैसे थकवले. ऑगस्टमध्ये लीगनं जाहीर केलं की पुण्याच्या जागी आता हैदराबाद एफसी खेळेल. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं डीएचएफएलचं संचालक मंडळच बरखास्त केलं.

ग्रेटनाशी ताडून बघा. तिथे पैशाचं दुखणं गुणतक्त्यात उघड दिसत होतं. पुण्याचा गुणतक्ता बघून तुम्हाला कळलं असतं का, की हा क्लबचा शेवटचा हंगाम आहे? सातवा क्रमांक. त्या वर्षी चेन्नईयिन नऊ गुणांवर तळाला होता आणि तो पुढच्या वर्षी खेळला. म्हणून खेळातल्या कामगिरीवरून आर्थिक प्रकृती मोजणारे जे बरेच अभ्यास आहेत, ते इथे वापरायचे असतील तर सांभाळून. एकाच्या पैशावर चालणाऱ्या क्लबाची नाडी मालकाच्या ताळेबंदात सापडते, आणि तो ताळेबंद फुटबॉलचा नसतो.

पुढची कडी आणखी गमतीची. फिल ब्राउन हैदराबादला गेले, मार्सेलिन्योसारखे खेळाडूही गेले. त्या क्लबनं २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्डाला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून सुपर लीग जिंकली. दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, पगार थकले, नवे खेळाडू घ्यायला बंदी आली, परदेशी खेळाडू आणि प्रशिक्षक सोडून गेले, उरलेल्या तरुण पोरांना घेऊन थांगबोई सिंगतो यांनी हंगाम कसाबसा पूर्ण केला. २२ सामन्यांत एक विजय. मग बी. सी. जिंदल समूहानं क्लब घेतला आणि २०२५ मध्ये तो दिल्लीला हलवून स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. एअरड्री, ग्रेटना, अ‍ॅनन. एका जागेवर तीन क्लब, फरक इतकाच की स्कॉटलंडमध्ये तीन गावांतलं अंतर मोटारीनं एका सकाळी कापता येतं आणि तिथल्या चाहत्यांना पुढे जाऊन बसायला छोटं का होईना एक मैदान होतं. बालेवाडीत नारिंगी शर्ट घालून येणाऱ्या 'ऑरेंज आर्मी'नं कुठे जायचं होतं?

आता दुसरा प्रश्न: हे ८८ कोण? कूपर-शिमान्स्की यांनी लावलेली कसोटी आपल्याकडे लावायची सोपी रीत आहे. आय-लीगचा पहिला हंगाम २००७-०८ चा. योगायोगानं त्यांची मोजणी संपते तोच हंगाम. त्यात दहा क्लब होते: डेंपो, चर्चिल ब्रदर्स, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा, महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मोहन बागान, ईस्ट बंगाल, जेसीटी आणि विवा केरळ. पहिला हंगाम डेंपोनं जिंकला.

यातले तीन सरळ गेले. महिंद्रा युनायटेड २०१०, जेसीटी २०११, आणि विवा केरळ मालक बदलून वर्षभरात, २०१२ मध्ये. एअर इंडिया २०१३ मध्ये परवान्याच्या अटी पूर्ण न झाल्यामुळे राष्ट्रीय लीगबाहेर गेला, पुढे ती विमान कंपनीच विकली गेली. उरले सहा. इंग्लंडमध्ये ८५ वर्षांत ८८ पैकी तीन गेले, आपल्याकडे पाच-सहा वर्षांत दहापैकी चार. दहा हा नमुना लहान आहे, मान्य. टक्केवारी काढून मिरवू नका. पण दिशा इतकी वेगळी आहे की 'भारतीय संदर्भात पुरेसे संशोधन नाही' या ओळीपेक्षा पुष्कळ काही सांगून जाते.

आणि जरा खाली वाकून बघितलं की याहून मोलाची गोष्ट दिसते. गेलेल्या चारांत महाराष्ट्राचे दोघेही आहेत. उरलेल्या सहांत गोव्याचे चारही आहेत. पुढच्या दहा वर्षांत महाराष्ट्रातून आय-लीग खेळलेले इतर क्लब धरा: मुंबई एफसी, ओएनजीसी, पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स. आधीचे दोन धरून सात. सातातला एकही आज राष्ट्रीय लीगमध्ये नाही. (मुंबई सिटी हा सुपर लीगमधला वेगळा प्रकार.) एकाच देशात, एकाच महासंघाखाली, शेजारशेजारच्या दोन राज्यांत इतका फरक? इथून तुमचा प्रश्न सुरू होतो. 'भारत विरुद्ध इंग्लंड' ही तुलना फार ढोबळ आहे, तिच्यात संस्कृतीपासून हवामानापर्यंत काहीही कारण म्हणून घुसवता येतं. 'गोवा विरुद्ध महाराष्ट्र' म्हटलं की बरंचसं आपोआप गळून पडतं.

पैसा हे कारण? डेंपो आणि साळगावकर या खाणवाल्यांच्याच घराण्यांचे क्लब. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, राज्याची अर्थव्यवस्था हादरली, तरी क्लब आहेत. उलट महिंद्रा कंपनी २०१० मध्ये काही संकटात नव्हती. १९६२ पासूनचा संघ तिनं धडधाकट असताना बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं ठरवलं. म्हणजे 'मालक बुडाला म्हणून क्लब बुडाला' हे सूत्र पुण्याच्या दोन क्लबांना चपखल बसतं, पण सगळ्या महाराष्ट्राला बसत नाही.

मग खाली घसरण्याची सोय, जे पुस्तकाचं मुख्य कारण आहे, ते तपासू. इथे २०१४-१५ चा आय-लीगचा तक्ता काढून समोर ठेवा. अकरा संघ. अकरावा भारत एफसी, दहावा डेंपो. खालच्या विभागात कोण गेला? डेंपो! पाच वेळचा राष्ट्रीय विजेता. कारण मोठ्या उद्योगसमूहांना थेट प्रवेश देताना सुरुवातीला रेलिगेशन नाही, अशी सवलत दिली होती. पैसा गुंतवणाऱ्याला धीर यावा हा हेतू. पुढच्याच हंगामात पुन्हा तेच: नववा आणि शेवटचा डीएसके शिवाजियन्स, त्याला सवलत, आठवा ऐजॉल, तो खाली.

आता निकाल बघा. शेवटून पहिला आलेला आणि वाचवलेला भारत एफसी त्याच वर्षी बंद. वाचवलेला डीएसके वर्षभर खेळून बंद. खाली ढकललेला डेंपो दुसऱ्या विभागात खेळला, २०१६ मध्ये तो जिंकला, मग महासंघाच्या धोरणाला विरोध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंगसारखाच आय-लीगमधून बाहेर पडला, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि २०२४-२५ मध्ये दुसऱ्या विभागातून वर येऊन पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला. ऐजॉलला गोव्याच्या क्लबांच्या माघारीमुळे परत घेतलं गेलं आणि त्यानं २०१६-१७ ची आय-लीगच जिंकली. प्रशिक्षक खालिद जमील, जे त्याआधी कित्येक वर्षं मुंबई एफसीला कसंबसं तरंगत ठेवत होते.

इथवर आलं की हात शिवशिवतात. 'रेलिगेशन क्लबाला वाचवतं, संरक्षण मारतं' असं शीर्षक देऊन पेपर पाठवून द्यावा वाटतो. पण मुंबई एफसीचं काय करायचं? तो २०१६-१७ मध्ये तळाला आला, नियमानं खाली गेला, आणि मालकांनी क्लब बंद केला. खालची पायरी होती. तिच्यावर उतरायचं नव्हतं. एस्सेल समूहाला दुसऱ्या विभागातला क्लब नको होता.

पायरी असणं आणि तिच्यावर उतरायची कुणाची तरी इच्छा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकात त्या एकच होऊन गेल्या आहेत, कारण इंग्लंडमध्ये त्या बहुधा एकत्रच सापडतात. मालक गेला तर चाहते, स्थानिक व्यापारी, नगरपालिका कुणीतरी पुढे येतं. ग्रेटना २००८ हे त्याचंच उदाहरण. कंपनी मेली, मालक गेला, पण क्लब हवा असलेली माणसं गावात होती. डेंपो घसरला तर गोव्यात त्याला उतरायला लीग होती आणि ती लीग बघणारी माणसंही होती. मुंबई एफसी घसरला तेव्हा त्याच्यासाठी असं कोण होतं?

महाराष्ट्रात असं कुणीच नसतं, असा निष्कर्ष काढण्याआधी कोल्हापूरला जाऊन या. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर यांचे सामने असले की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. अनिकेत जाधव हा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला पोरगा याच शहराचा. हे संघ कुठल्या कंपनीच्या संचालक मंडळाच्या ठरावानं बंद करता येत नाहीत, कारण त्यांचा मालक असा कुणी नाहीच. तालीम पेठेची. वर्गणी, देणगीदार, बक्षिसं, कुणाचा तरी राजकीय वरदहस्त, असं सगळं मिळून चालतं. नायजेरियाचे खेळाडू आणायची हौस तिथेही आली आणि त्याबरोबर खर्चाची ओढाताणही आली. पण कूपर-शिमान्स्की ज्याला क्लब म्हणतात, नाव आणि गाव आणि पिढीजात वैर, ते महाराष्ट्रात शोधायचं तर मला बालेवाडीपेक्षा शिवाजी पेठेत सापडतं.

यावर तुमच्यातला एखादा हुशार माणूस म्हणेल की कोल्हापूरचे संघ हौशी, पुण्याचे व्यावसायिक, तुलनाच चुकीची. बरोबर आहे, आणि हा आक्षेप पुस्तकालाही लागू होतो. स्कॉटलंडच्या खालच्या दोन विभागांत बहुतेक खेळाडू अर्धवेळ आहेत; आठवडाभर दुसरी नोकरी, संध्याकाळी सराव. इतक्या कमी खर्चात क्लब तगून राहतो यात नवल नाही. १९२३ चे ८८ क्लबही काही आजच्या अर्थानं खर्चीक नव्हते. म्हणजे टिकाऊपणाचं श्रेय 'फुटबॉल'ला द्यायचं की 'स्वस्त असण्या'ला, हे पुस्तकातल्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. ग्रेटना तीन हजार वस्तीच्या गावात स्वस्त होता तोवर १९४६ पासून साठ वर्षं जगला.

माझी मुख्य तक्रार आकड्यांबद्दल नाही, सुराबद्दल आहे. 'क्लब मरत नाहीत, घाबरू नका' असा एक दिलासा त्या प्रकरणातून झिरपत राहतो. आर्सेनलच्या चाहत्यासाठी तो ठीक असेल. इंडियन सुपर लीगसारख्या, ज्या लीगनं पहिली कित्येक वर्षं खालची पायरीच ठेवली नाही, तिच्याबद्दल लिहिताना हाच दिलासा उचलला की वाचणाऱ्याची दिशाभूल होते. क्लब मरत नाहीत म्हटलं की मग पगार थकलेला पंचविशीतला बचावपटू, अकादमी बंद झाल्यावर घरी परतलेला सोळा वर्षांचा मुलगा, मैदान राखणारा माळी यांच्याबद्दल विचारायचं कारणच उरत नाही. तक्त्यात सगळं ठीक दिसतं.

तरीही पुस्तक आढाव्यात घ्याच. पण असं घ्या: त्यांचं विधान एका वाक्यात, त्यांची 'जिवंत'ची व्याख्या एका वाक्यात, नमुना कुठून आला ते एका वाक्यात, आणि मग २०१४-१५ चा तो तक्ता. गाइड लाल पेन खाली ठेवतील.

विषय म्हणून कुणाला हे घ्यायचं असेल तर साधनं आहेत. पुण्याचे हे क्लब कंपन्यांच्या पैशावर उभे होते, आणि कंपन्यांचे वार्षिक हिशेब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडी फी भरून बघता येतात. गोव्याच्या आणि कोल्हापूरच्या बाजूनं कागद कमी मिळतील, तिथे मुलाखतींशिवाय गत्यंतर नाही. कोल्हापूरला जाणार असाल तर हंगामात जा, पावसाळ्यात मैदान रिकामं असतं. आणि आधी एका पानावर लिहून काढा की पुणे, हैदराबाद, दिल्ली ही तुमच्या तक्त्यात एक ओळ असणार आहे की तीन. आपल्या आमखास मैदानावर संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांना विचारून बघा हवं तर. मी विचारलं होतं. तिघांनी 'तीन' सांगितलं, गोलकीपर म्हणाला, "एकपण नाही, ते काय क्लब होते होय?"